आरव्ही हे 'सेकंड होम' दाखवून टॅक्समध्ये व्याज कसं मागायचं: अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी स्टेप बाय स्टेप

आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोटरहोम किंवा ट्रेलर, घ्यायला डीलरकडे गेलं की फायनान्सच्या टेबलावरचा माणूस एक गोष्ट हमखास सांगतो, ह्याचं व्याज घराच्या लोनसारखंच टॅक्समधून वजा होतं. तो खोटं बोलत नसतो पण पूर्णही सांगत नसतो, आणि तेवढ्या भरवशावर लोक पंधरा-वीस वर्षांच्या लोनवर सही करतात आणि पहिल्या एप्रिलमध्ये त्यांना कळतं की एक डॉलरही वाचला नाही. उलट्या बाजूचे लोकही तितकेच आहेत, ज्यांना हे पैसे अगदी हक्काने मिळतात पण बँकेकडून फॉर्म आला नाही म्हणून ते मागतच नाहीत. दोघांचंही नुकसानच, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय. खाली जे आकडे आहेत ते २०२५ च्या रिटर्नचे आहेत, म्हणजे जो २०२६ मध्ये भरायचा, आणि जिथे २०२६ साठी आकडा बदललाय तिथे तसं लिहिलंय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. 'आरव्ही डिडक्शन' नावाचं वेगळं काही नसतंच. घराच्या लोनच्या व्याजाची जी वजावट आहे तीच आहे, आणि आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या, लेखी घर म्हणजे फक्त चार भिंतींचं घर नाही एवढाच काय तो मुद्दा. आयआरएसचं पब्लिकेशन ९३६ आहे, फुकट मिळतं, त्यात घराच्या व्याख्येत कॉन्डो, मोबाइल होम, हाउस ट्रेलर, बोट हे सगळं धरलंय. मुख्य घर एक आणि दुसरं घर एक, अशा दोन घरांच्या लोनचं व्याज मागता येतं, आणि ते दुसरं घर आरव्ही असू शकतं.

स्टेप १: गाडीत झोपायला, रांधायला आणि टॉयलेटला सोय आहे का

ह्या तिन्ही गोष्टी हव्यात, दोन असून चालत नाही. क्लास ए, क्लास सी मोटरहोम, फिफ्थ व्हील, मोठा ट्रॅव्हल ट्रेलर ह्यांच्यात तिन्ही असतातच, तिथे विचार करायची गरज नाही. गडबड होते ती छोट्या गाड्यांमध्ये. टिअरड्रॉप ट्रेलरमध्ये बेड आत असतो, शेगडी मागच्या झाकणाखाली असते आणि टॉयलेट नसतंच, तर तो बसत नाही. पॉपअप कॅम्परचे काही मॉडेल बसतात काही नाही. क्लास बी म्हणजे कॅम्पर व्हॅनमध्ये कंपनीने बसवलेलं टॉयलेट असेल तर ठीक, पण स्वतः कार्गो व्हॅन घेऊन आत गादी टाकली आणि कॅम्पिंग स्टोव्ह ठेवला तर त्याला घर म्हणणं अवघड आहे.

किती मोठी असावी, किती महाग असावी असं कुठेही म्हटलेलं नाहीये. १९८० साली टॅक्स कोर्टाने एका छोट्या मोटरहोमलासुद्धा राहायची जागा मानलं होतं, म्हणजे आकाराचा प्रश्न तेव्हाच सुटला. माझं मत असं की गाडी विकत घेतानाच स्पेसिफिकेशनचा कागद जपून ठेवा आणि आतले तीन फोटो काढून ठेवा, बेड, शेगडी, टॉयलेट. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढे कधी कोणी विचारलं तर त्याच्यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

स्टेप २: लोन नेमकं कसलं आहे ते बघा

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, त्यामुळे जरा सावकाश वाचा. व्याज तेव्हाच मागता येतं जेव्हा लोन त्या आरव्हीवरच तारण आहे, म्हणजे हप्ते थकले तर बँक ती गाडी उचलून नेऊ शकते, आणि तसं राज्याच्या कायद्याप्रमाणे नोंदलेलं आहे. आरव्हीच्या बाबतीत ही नोंद गाडीच्या टायटलवर असते, तिथे लीनहोल्डर, म्हणजे तारणाचा हक्क (लीन) असलेला, म्हणून बँकेचं किंवा क्रेडिट युनियनचं नाव दिसलं पाहिजे. डीलरकडून घेतलेलं नेहमीचं आरव्ही लोन असंच असतं, त्यामुळे बहुतेकांचं काम इथे होऊन जातं.

पण पर्सनल लोन काढून आरव्ही घेतली असेल तर व्याज गेलं, काहीच मिळत नाही. क्रेडिट कार्डाचं तर विचारूच नका. मित्राकडून किंवा नातेवाइकांकडून पैसे घेतले आणि दर महिन्याला प्रामाणिकपणे व्याजही देताय, तरी टायटलवर त्यांचा लीन नाही म्हणून ते व्याज ह्या कामाचं नाही.

आणि आता ते एक प्रकरण ज्यात शहाणी शहाणी माणसं फसतात. राहत्या घरावर होम इक्विटी लाइन, म्हणजे हेलॉक काढायचं, कारण त्याचा दर आरव्ही लोनपेक्षा बरेचदा कमी असतो, आणि त्या पैशांनी आरव्ही रोख घ्यायची. हिशोब बरोबर वाटतो, लोन घरावर आहे, पैसे दुसऱ्या घरासाठी वापरले, दोन्हीकडे घरच आहे. पण २०१८ पासून नियम असा आहे की ज्या घरावर लोन आहे त्याच घराच्या खरेदीसाठी, बांधकामासाठी किंवा मोठ्या सुधारणेसाठी पैसे वापरले असतील तरच व्याज वजा होतं. इथे तारण एक घर आणि खरेदी दुसऱ्याची, म्हणून व्याज वजा होत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये जो मोठा टॅक्स कायदा आला त्याने हा नियम कायमचा करून टाकला, त्यामुळे तो जुना होऊन जाईल अशी वाट बघत बसू नका. दर खरंच खूप कमी मिळत असेल तर हेलॉक तरीही परवडू शकतं, फक्त वजावट धरून हिशोब करू नका.

लोनच्या रकमेलाही मर्यादा आहे, दोन्ही घरांची मिळून ७,५०,००० डॉलर, नवरा-बायको वेगवेगळं रिटर्न भरत असतील तर प्रत्येकी ३,७५,०००. १६ डिसेंबर २०१७ च्या आधीचं जुनं लोन असेल तर त्याला दहा लाखांची जुनी मर्यादा आहे. बे एरियातल्या मंडळींनी इथे लक्ष द्या, कारण घराचंच लोन आठ-नऊ लाखांचं असेल तर मर्यादा तिथेच संपली, आरव्हीचं लोन वर जोडलं तरी त्याचं सगळं व्याज वजा होत नाही.

स्टेप ३: दुसरं घर एकच, आणि पुण्याचा फ्लॅटसुद्धा मोजला जातो

हा भाग खास आपल्या लोकांसाठी, कारण इंग्रजी लेखांमध्ये हे फारसं कोणी लिहीत नाही. दुसरं घर अमेरिकेतच असलं पाहिजे अशी अट नाहीये. तुमचा पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट आहे, त्याच्यावर भारतातल्या बँकेचं होम लोन चालू आहे, फ्लॅट भाड्याने दिलेला नाही, आई-बाबा तिथे राहतात किंवा कुलूपच आहे, तर तो फ्लॅटही तुमचं दुसरं घर होऊ शकतो आणि त्याचं व्याज डॉलरमध्ये बदलून शेड्यूल ए वर, म्हणजे रिटर्नसोबतच्या वजावटींच्या फॉर्मवर, मागता येतं. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

पण दुसरं घर एका वर्षात एकच निवडायचं. फ्लॅट आणि आरव्ही दोन्हींची वजावट एकत्र नाही मिळत. मग बघायचं कोणाचं व्याज जास्त आहे. समजा फ्लॅटचं ६० लाख लोन बाकी आहे साडेआठ टक्क्यांनी, वर्षाचं व्याज झालं पाच लाखांच्या वर, म्हणजे ८५ रुपयांचा डॉलर धरला तर साधारण ६,००० डॉलर. आणि आरव्हीचं ९०,००० डॉलरचं पंधरा वर्षांचं लोन ८ टक्क्यांनी आहे, त्याचं पहिल्या वर्षाचं व्याज ७,००० च्या आसपास. तर ह्या वर्षी आरव्ही निवडा. पुढच्या वर्षी दुसरं निवडलं तरी चालतं, दरवर्षी नव्याने ठरवता येतं. आरव्ही लोनचं व्याज सुरुवातीला जास्त असतं आणि मग उतरत जातं, ह्याच लोनचं अकराव्या वर्षाचं व्याज ३,००० च्या आसपास असेल, म्हणून दर जानेवारीत दोन्ही आकडे शेजारी लिहून बघायची सवय लावा.

फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर गोष्ट सोपी होते, कारण तेव्हा त्याचं व्याज भाड्याच्या उत्पन्नातला खर्च म्हणून शेड्यूल ई वर जातं आणि दुसऱ्या घराची जागा आरव्हीसाठी मोकळी राहते.

आरव्ही भाड्याने देत नसाल तर ती वर्षात किती दिवस वापरली ह्याला काही महत्त्व नाही. अंगणात उभी राहिली तरी ती दुसरं घर आहे.

जे लोक घर विकून पूर्णवेळ आरव्हीतच राहतात त्यांची आरव्ही हे मुख्य घर होतं, आणि तेव्हा दुसऱ्या घराची जागा त्यांच्याकडे रिकामी असते, तिथे तो भारतातला फ्लॅट बसू शकतो. रिटायर होऊन दोन-तीन वर्षं अमेरिका फिरायची स्वप्नं बघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

स्टेप ४: बेरीज करा, हीच खरी परीक्षा

वरचं सगळं जमलं तरी पैसे वाचतीलच असं नाही. व्याजाची वजावट फक्त आयटमाइज करणाऱ्यांना मिळते, म्हणजे जे स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट मिळणारी ठरावीक वजावट) सोडून एकेक खर्च शेड्यूल ए वर लिहितात त्यांना. आणि स्टँडर्ड डिडक्शन आता खूप मोठं झालंय. २०२५ साठी एकट्या माणसाला १५,७५०, जोडप्याला ३१,५०० आणि हेड ऑफ हाउसहोल्डला (घरातल्या आश्रितांना सांभाळणाऱ्या एकट्या माणसाला) २३,६२५ डॉलर. २०२६ साठी ते १६,१००, ३२,२०० आणि २४,१५० आहे. वय ६५ किंवा जास्त असेल तर आणखी वाढतं, जोडप्यातल्या दोघांचंही वय ६५ किंवा जास्त असेल तर २०२५ ला ३४,७०० होतं. तुमच्या सगळ्या खर्चांची बेरीज ह्याच्या वर गेली तरच काहीतरी मिळणार, आणि मिळणार तेही फक्त वरच्या भागावर.

तीन कुटुंबं घेऊन बघू.

पहिलं, न्यू जर्सीतलं जोडपं, दोघं नोकरीला. घराचं व्याज १८,०००, प्रॉपर्टी टॅक्स ९,०००, राज्याचा इन्कम टॅक्स ११,०००, देणग्या १,५००. आरव्हीशिवायच ३९,५०० झाले, स्टँडर्डच्या वर आधीच. आता आरव्हीचं ७,००० व्याज आलं की ते सगळंच्या सगळं कामाला येतं, २४ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये असतील तर १,६८० डॉलर वाचले.

दुसरं जोडपं, घर जुनं, लोन कमी दराचं. त्यांची आरव्हीशिवाय बेरीज २७,०००. आरव्हीने ७,००० वाढले, झाले ३४,०००. पण त्यांना ३१,५०० तर कागदही न दाखवता मिळतच होते, म्हणजे खरा फायदा २,५०० चाच, आणि २२ टक्क्यांनी त्याचे होतात ५५० डॉलर. ७,००० व्याज भरलं, ५५० परत आले.

तिसरं, फ्लोरिडातलं निवृत्त जोडपं, दोघं ६५ च्या वर, घराचं लोन फिटलेलं. आरव्हीचं व्याज ६,०००, प्रॉपर्टी टॅक्स ५,०००, एक लाखाच्या आरव्हीवर ६ टक्के सेल्स टॅक्स म्हणजे ६,०००, इतर खरेदीचा सेल्स टॅक्स समजा १,५००, देणग्या २,०००. बेरीज २०,५००. त्यांचं स्टँडर्ड ३४,७००. मिळालं शून्य. आणि आरव्ही घेणाऱ्यांमध्ये नेमके असेच लोक खूप असतात, घर फिटलेलं, मुलं मार्गाला लागलेली, आता फिरायचं, आणि डीलर मात्र त्यांनाही तेच सांगतो जे पहिल्या जोडप्याला सांगतो. तुम्ही ह्या गटात असाल तर रोख पैसे असताना फक्त 'टॅक्स वाचेल' म्हणून लोन काढू नका, अगदी कळकळीने सांगतोय. पहिल्या जोडप्यालासुद्धा एक डॉलर व्याजामागे चोवीस सेंटच परत आलेत, बाकीचे शहात्तर खिशातूनच गेले.

म्हणून गाडी बघायला जायच्या आधी मागच्या वर्षीचं रिटर्न काढा. शेड्यूल ए जोडलेलं आहे का बघा. असेल तर आकडा स्टँडर्डच्या किती वर होता ते बघा, नसेल तर किती कमी पडत होता ते. ह्या एका आकड्यावर पुढचं सगळं ठरतं.

स्टेप ५: सेल्स टॅक्स आणि रजिस्ट्रेशन फी विसरू नका

राज्याच्या आणि गावाच्या करांची वजावट, जिला सगळे सॉल्ट म्हणतात, ती कित्येक वर्षं १०,००० वर अडकलेली होती. २०२५ पासून ती ४०,००० झालीये, २०२६ ला ४०,४००. उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर ती कमी होत होत परत १०,००० वर येते, आणि २०३० पासून सगळ्यांसाठीच १०,००० होणार आहे. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातल्या मंडळींसाठी हा फार मोठा बदल आहे, कारण आधी जे आयटमाइजच्या जवळपासही येत नव्हते ते आता वर जातात, आणि मग आरव्हीचं व्याजही कामाला येतं. मागच्या काही वर्षांत हिशोब करून 'आपल्याला काही मिळत नाही' असं ठरवून टाकलं असेल तर तो हिशोब आता परत करा.

सॉल्टमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स किंवा सेल्स टॅक्स, दोन्हीपैकी एकच घेता येतो. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, टेनेसी इथे पगारावर राज्याचा टॅक्सच नाही, तिथे सेल्स टॅक्स घ्यायचा हे उघड आहे. सगळ्या पावत्या जपायची गरज नसते, आयआरएसचं टेबल असतं, उत्पन्न आणि राज्याप्रमाणे त्यातून आकडा येतो, आणि गाडी, मोटरहोम, आरव्ही अशा मोठ्या खरेदीचा खरा भरलेला सेल्स टॅक्स त्याच्यावर जोडता येतो. टेक्सासमध्ये ८०,००० चा ट्रॅव्हल ट्रेलर घेतला तर ६.२५ टक्क्यांनी ५,००० डॉलर, लोनमध्ये धरून भरले असतील तरी चालतात. ही वजावट खरेदीच्याच वर्षी मिळते, त्यामुळे ज्या वर्षी घेताय त्या वर्षी बाकीची बेरीज कशी आहे ते बघून डिसेंबर की जानेवारी हे ठरवता येतं. राज्याने गाड्यांवर नेहमीपेक्षा जास्त दर लावला असेल तर नेहमीच्या दराएवढाच भाग घ्यायचा.

रजिस्ट्रेशनचं म्हणाल तर सगळी फी नाही, त्यातला जो भाग गाडीच्या किमतीवर ठरतो आणि दरवर्षी लागतो तेवढाच चालतो. कॅलिफोर्नियात व्हेइकल लायसन्स फी असा वेगळा आकडा छापलेला असतो, किमतीच्या ०.६५ टक्के, तो घ्यायचा. वजनावर किंवा ठरावीक रकमेची फी सोडून द्यायची. व्हर्जिनियात काउंटी गाड्यांवर पर्सनल प्रॉपर्टी टॅक्स लावते, तोही चालतो.

मोंटाना राज्यात एलएलसी म्हणजे छोटी कंपनी काढून तिथे आरव्ही नोंदवायची म्हणजे सेल्स टॅक्सच भरावा लागत नाही, ही युक्ती तुमच्या कानावर येईल. मी तिच्या पूर्ण विरोधात आहे. गाडी ज्या राज्यात राहते तिथला टॅक्स लागतोच, आणि राज्यं अशा गाड्यांच्या मागे लागून टॅक्स आणि दंड दोन्ही वसूल करतात.

स्टेप ६: फॉर्म १०९८ आला नाही तरी व्याज मागायचं

घराच्या लोनवाली कंपनी जानेवारी अखेरीस फॉर्म १०९८ पाठवते, त्यात वर्षभरात भरलेलं व्याज असतं. आरव्हीवाली बँक बरेचदा पाठवत नाही, कारण तो फॉर्म देण्याची सक्ती जमीन-घरांच्या लोनवर आहे, आरव्ही त्यात येत नाही. फॉर्म नाही म्हणजे वजावट नाही असं अजिबात नाही. सॉफ्टवेअरमध्ये भरताना मात्र लोक १०९८ चा प्रश्न आला की 'नाही' दाबून पुढे जातात आणि हजारो डॉलरची वजावट तिथेच सुटते.

असं करा. बँकेच्या वेबसाइटवर जाऊन वर्षाचं स्टेटमेंट काढा, त्यात त्या वर्षी भरलेलं व्याज लिहिलेलं असतं, नसेल तर फोन करून मागा, देतात. १०९८ आला असेल तर शेड्यूल ए च्या ओळ ८ए वर, नसेल तर ८बी वर तो आकडा लिहायचा. भारतातल्या फ्लॅटचं व्याजही ८बी वरच जातं. फक्त व्याज हं, हप्त्याची सगळी रक्कम नाही, मुद्दलाचा भाग नाही. आरव्ही एखाद्या माणसाकडून घेतली आणि हप्तेही त्यालाच देताय, तर त्याचं नाव, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी नंबर रिटर्नमध्ये लिहावा लागतो, व्यवहाराच्या दिवशीच त्याच्याकडून डब्ल्यू-९ (ही माहिती देणारा फॉर्म) भरून घ्या, नंतर माणूस सापडत नाही.

लोन घेताना पॉइंट्स, म्हणजे व्याजापोटी आधीच द्यायची रक्कम, भरले असतील तर दुसऱ्या घरासाठी ते एकदम मिळत नाहीत, लोनच्या मुदतीवर वाटून घ्यावे लागतात.

स्टेप ७: भाड्याने द्यायची असेल तर दिवस मोजा

आउटडोअर्सी, आरव्हीशेअर अशा साइटवर आरव्ही भाड्याने देऊन हप्ता काढायचा विचार पुष्कळ जण करतात. द्या, पण वही ठेवा. वर्षात १४ दिवस किंवा त्याहून कमी भाड्याने दिली आणि स्वतःही घरासारखी वापरली, तर ते भाडं उत्पन्नात दाखवायचीच गरज नाही, आणि व्याजाची वजावटही तशीच राहते. नियमातली ही फार चांगली सोय आहे.

१५ दिवस किंवा जास्त झाले की भाडं दाखवायचं, आणि आरव्ही दुसरं घर राहायला हवी असेल तर तुम्ही स्वतः ती १४ पेक्षा जास्त दिवस, किंवा भाड्याच्या दिवसांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त दिवस वापरली पाहिजे, ह्या दोन्हीतला जो आकडा मोठा तो धरायचा. १०० दिवस भाड्याने दिली तर १० टक्के म्हणजे १०, पण १४ मोठा, म्हणून तुमचे किमान १५ दिवस. २०० दिवस दिली तर २० च्या वर, म्हणजे २१. नुसती भाड्यासाठी लिस्ट करून ठेवली तरी वापराची अट लागू होते हे लक्षात असू द्या.

आणि धंद्यासाठी वापरतो म्हणून सगळा खर्च टाकायचा, घसारा, इंधन, इन्शुरन्स, असं कोणी सुचवलं तर २०१४ चा टॅक्स कोर्टाचा एक निकाल आठवा. एक जोडपं आरव्हीवाल्यांना इन्शुरन्स विकायचं, आरव्हीच्या मेळाव्यांना स्वतःच्या मोटरहोमने जायचं, गिऱ्हाइकं गाडीतच भेटायची. धंदा खरा होता, कोर्टालाही ते मान्य होतं. तरी मोटरहोमचा धंद्याचा खर्च नामंजूर झाला, कारण ती राहायची जागा आहे, ते तिथे राहत होते, म्हणून ते दिवस खासगी वापराचे धरले गेले आणि १४ दिवसांची मर्यादा ओलांडली. ज्या व्याख्येमुळे आरव्हीचं व्याज मिळतं तीच व्याख्या इथे आडवी येते, हे समजून घ्या.

खासगी वापरात इंधन, इन्शुरन्स, दुरुस्ती, कॅम्पग्राउंडचं भाडं, स्टोरेज ह्यातलं काहीही वजा होत नाही. विकताना तोटा झाला, आणि आरव्हीत तो होतोच, तरी तो तोटा मागता येत नाही.

काही गोष्टी ज्या कोणाकोणाला लागू होतील

ट्रेलर ओढायला नवा पिकअप लोनवर घेतला असेल तर त्याच्या व्याजाची एक वेगळी वजावट आलीये, २०२५ ते २०२८ पर्यंत, वर्षाला १०,००० पर्यंत, आणि ही स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्यांनाही मिळते. पिकअप नवा कोरा हवा, त्याची शेवटची जोडणी अमेरिकेत झालेली हवी, ग्रॉस वजन १४,००० पाउंडाच्या आत हवं आणि लोन २०२५ किंवा नंतरचं हवं. एकट्याचं उत्पन्न एक लाखाच्या, जोडप्याचं दोन लाखांच्या वर गेलं की ती कमी होत जाते. ट्रेलरला ही लागू नाही. वरच्या तिसऱ्या उदाहरणातल्या निवृत्त जोडप्याला खरी मदत कदाचित इथे होईल.

एफ-१ व्हिसावर पहिली पाच वर्षं असलेले आणि नॉनरेसिडेंट म्हणून १०४०-एनआर भरणारे ह्यांना घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही, मग ते घर असो की आरव्ही. एच-१बी वर वर्षभर इथे असाल तर बहुतेक वेळा रेसिडेंट धरले जाता आणि वरचं सगळं लागू होतं.

राज्याचं रिटर्न वेगळं बघा. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय इथे राज्याच्या रिटर्नमध्ये घराच्या व्याजाची वजावट नाहीये. कॅलिफोर्नियात आहे, आणि तिथे लोनची मर्यादा अजून दहा लाखांचीच आहे.

एएमटी, म्हणजे वेगळ्या हिशोबाने लागणारा किमान टॅक्स, लागणाऱ्या थोड्या लोकांनी सीपीएला (टॅक्सच्या अकाउंटंटला) नक्की विचारा, कारण त्या हिशोबात घराची व्याख्या अरुंद आहे, घर, अपार्टमेंट, कॉन्डो आणि एका जागी राहणारं मोबाइल होम एवढीच, त्यामुळे फिरत्या मोटरहोमचं व्याज तिथे परत जोडावं लागू शकतं. कंपनीचे स्टॉक ऑप्शन वापरलेल्या मंडळींना हे जास्त लागू होतं.

मागची वर्षं सुटली असतील तर

तीन वर्षांपूर्वी आरव्ही घेतली, आयटमाइजही करत होतात, पण फॉर्म आला नाही म्हणून व्याज टाकलंच नाही, असं झालं असेल तर ते पैसे अजून मिळू शकतात. १०४०-एक्स म्हणजे सुधारित रिटर्न भरायचं, मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांच्या आत, किंवा टॅक्स भरल्यापासून दोन वर्षांच्या आत, जे नंतर येईल ते. मुदतीच्या आधीच रिटर्न भरलं असेल तर मोजणी एप्रिलच्या मुदतीपासून होते. प्रत्येक वर्षाचं वेगळं १०४०-एक्स, सोबत सुधारलेलं शेड्यूल ए, आणि तुमच्याकडे बँकेचं त्या वर्षाचं स्टेटमेंट आणि लीन दाखवणारी टायटलची कॉपी तयार. सगळ्यात जुन्या वर्षापासून सुरुवात करा, कारण त्याची मुदत आधी संपते.